स्लिम, स्किनी की लीन? अंगकाठीचे इंग्रजी शब्द कसे निवडायचे

मराठीत आपण इथे कधी चुकत नाही. बारीक, सडपातळ, शेलाटी, काटक, किडकिडीत, हडकुळा, पाप्याचं पितर... कुणाला काय म्हणायचं हे आपोआप कळतं, शेलाटी म्हटलं की पोरगी खूश आणि हडकुळी म्हटलं की दोन दिवस अबोला. इंग्रजीत शिरलो की मात्र हातात दोनच शब्द उरतात, थिन आणि फॅट, आणि मग कौतुक करायला जातो आणि समोरच्याला लागतं. म्हणून माझी पद्धत सांगते, आधी मराठी शब्द मनात आणायचा, तो कौतुकाचा आहे की टोचणारा ते बघायचं, आणि मगच इंग्रजीकडे वळायचं.

थिन म्हणजे नुसतं बारीक, त्यात बरंवाईट काही नाही, पण 'यू लुक थिन' असं तोंडावर म्हटलं तर ते आपल्या 'किती वाळलास रे' सारखं काळजीचं वाटू शकतं. कौतुक करायचं असेल तर स्लिम, म्हणजे सडपातळ. स्लेंडर म्हणजे शेलाटी, त्यात एक डौल आहे, बोटं, मान, कंबर यांनाही चालतो आणि बोलण्यापेक्षा लिहिण्यात जास्त दिसतो. दक्षिण भारतातला तो मोठ्या डोळ्यांचा, काडीसारख्या हातपायांचा प्राणी आहे ना, स्लेंडर लोरिस, त्याच्यावरून हा शब्द माझ्या तर डोक्यात पक्का बसला. स्किनी मात्र जपून! स्किनी जीन्स आणि स्किनी लाटे (बिनसाईच्या दुधाची कॉफी) बिनधास्त म्हणा, माणसाला म्हणालात की ते किडकिडीत होतं.

आता लीन, हा जिमवाल्यांचा आवडता. चरबी कमी आणि अंग कमावलेलं, एलिउड किपचोगेसारखे मॅरेथॉनवाले डोळ्यांसमोर आणा, आणि लीन मीट म्हणजे कमी चरबीचं मांस हे आठवलं की अर्थ विसरत नाही. वायरी म्हणजे आपला काटक, अगदी तंतोतंत, दिसायला तारेसारखा बारीक पण पाठीवर ओझं घेऊन गड सरसर चढणारा म्हातारा. हा शब्द आपली माणसं जवळजवळ वापरतच नाहीत याचं मला फार वाईट वाटतं, कारण आपल्याकडे अशी माणसं गावोगाव आहेत. लँकी म्हणजे उंच आणि बारीक, हातपाय जरा जास्तच लांब, फुटबॉलवाला पीटर क्राउच, साडेसहा फुटांच्या वर. आणि गॉन्ट म्हणजे आजारपणाने किंवा उपासमारीने गाल बसलेला, खप्पड. डाएट करून बारीक झालेल्या मैत्रिणीला हा शब्द चुकूनही नको.

पेटीटमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ दिसतो. पेटीट म्हणजे बारीक असं धरून चालतात, पण त्यात उंची आधी येते, ठेंगणी आणि नाजूक, दोन्ही हवं. मूळ शब्द फ्रेंच आणि तिथलं ते स्त्रीलिंगी रूप, त्यामुळे पुरुषांना लावत नाहीत. परदेशी कपड्यांच्या दुकानात पेटीट साइज साधारण ५ फूट ४ इंच आणि त्याखालच्या बायकांसाठी असतो, म्हणजे तिथे वजनाचा संबंधच नाही, उंच सडपातळ मुलीने तो घेतला तर बाह्या आखूडच होणार.

जाड बाजूला आणखी जपून. आपल्याकडे मावशी 'जाड झालीस गं' म्हणते त्यात माया असते, इंग्रजीत तोंडावर फॅट म्हणणं सरळ अपमान. बाळाला किंवा गालांना चबी, म्हणजे गुटगुटीत, गोबरे. प्लंप म्हणजे अंगाने भरलेली, जरा सौम्य, तरी बाईच्या तोंडावर नकोच. ओव्हरवेट आणि ओबीस हे डॉक्टरी शब्द, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २५ पासून ओव्हरवेट आणि ३० पासून ओबीस, आपल्याकडे बरेच डॉक्टर २३ आणि २५ धरतात. त्यामुळे गप्पांमध्ये ओबीस म्हणणं म्हणजे रोगाचं निदान केल्यासारखं होतं.

आणि हेल्दी! आपण जाड म्हणायला संकोचतो म्हणून 'ती जरा हेल्दी आहे' म्हणतो, पण हा अर्थ भारताबाहेर बहुतेकांना कळत नाही. आमच्या नात्यातल्या एका मुलीच्या बायोडेटात 'नाऊ लिटल हेल्दी' असं लिहिलं होतं, तर अमेरिकेत वाढलेल्या मुलाने विचारलं की आधी काही आजार होता का, आणि बिचारीला ते समजावून सांगताना फार अवघड झालं.

पुरुषांसाठी स्टॉकी हा कामाचा शब्द आहे, उंची कमी पण खांदे रुंद आणि बांधा भक्कम, मॅराडोना आठवा, साडेपाच फुटांच्या आतबाहेर. याला जाड समजू नका. बर्ली म्हणजे आडदांड, भारी अंगाचा आणि दणकट, आणि वेल-बिल्ट म्हणजे धष्टपुष्ट, कौतुकाचा. काहीच सुचलं नाही आणि फॉर्ममध्ये किंवा हरवलेल्या माणसाच्या वर्णनात लिहायचं असेल तर स्लिम बिल्ड, मीडियम बिल्ड, हेवी बिल्ड लिहा, कुणाला लागत नाही.

तरी शंका आली तर शिकणाऱ्यांसाठीची ऑक्सफर्ड डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे, त्यात अशा शब्दांपुढे बऱ्याचदा 'अप्रूव्हिंग' किंवा 'डिसअप्रूव्हिंग' असं लिहिलेलं असतं, अर्थ वाचायच्या आधी नजर तिथे टाका.