खड्ड्यात आदळलेलं चाक बदलताना

पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. गाडी आदळली की टायर लगेच बसतो, नाहीतर दोन-चार दिवसांनी त्याच्या बाजूला फुगा येतो. फुगा आला म्हणजे आतले दोरे तुटले, हवा आता नुसत्या रबरानं धरली आहे. पंक्चरवाल्याकडे त्याला इलाज नाही, टायर बदलायचाच.

रस्त्यावर चाक काढायची वेळ आली तर सपाट, टणक जागा मिळेपर्यंत हळूहळू पुढे जा. रिम खराब झाली तरी चालेल, पण घाटातल्या वळणावर थांबू नका. सगळ्यांना उतरवून रस्त्यापासून लांब उभं करा. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका (ऑटोमॅटिक असेल तर पार्क) आणि तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावा. स्टेपनीत हवा आहे का, हे गाडी उचलण्याआधीच बघा.

नट ढिले करायचे ते चाक जमिनीवर असताना, अर्धा फेरा. गाडी जॅकवर असताना पान्यावर जोर दिला तर ती जॅकवरून घसरते. जॅक पत्र्याच्या काठावरच्या खाचेतच बसवा, जमीन मऊ असेल तर खाली जाड फळी घाला. स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवून ठेवा, म्हणजे जॅक निसटलाच तर गाडी तिच्यावर टेकेल. जुनं चाक निघालं की ते तिथे सरकवा आणि स्टेपनी बाहेर घ्या. गाडीखाली हात-पाय घालू नका.

चाक हबला (ज्या मधल्या भागावर ते बसतं त्याला) चिकटलं असेल तर नट दोन-तीन आट्यांवर ठेवून टायरला आलटून पालटून बाजूंनी लाथ मारा. निघाल्यावर हबचा गंज आणि चिखल पुसून काढा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. मधला गंज नंतर दबतो आणि घट्ट केलेले नट सैल पडतात.

निमुळत्या तोंडाचे नट असतील तर निमुळती बाजू आत ठेवून आधी हातानेच फिरवा. पान्यानं सुरुवात केली आणि नट वाकडा बसला तर आटे जातात. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका, तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. समोरासमोरचे नट घेत थोडं आवळा, गाडी खाली घ्या, मग पूर्ण आवळा. छोट्या गाड्यांना साधारण ८० ते १२० न्यूटन-मीटर लागतं, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. २५ सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकावर ४० किलोंचा भार म्हणजे सुमारे १००. पान्यावर उभं राहू नका. ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. छोटी स्टेपनी असेल तर ताशी ८० च्या वर जाऊ नका.

दुकानात टायर उतरवल्यावर रिम आतून बघा. लोखंडी रिमची कड थोडी वाकली असेल तर सरळ होते. अलॉय (मिश्रधातूच्या) रिमला तडा असेल तर वेल्डिंग करून घेऊ नका, रिमच बदला. नवीन टायर कधी बनला ते बघायला त्याच्यावरच्या DOT ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. दोनच नवे घेत असाल तर ते मागे बसवा, पुढची चाकं ओढणारी गाडी असली तरी. ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली तर गाडी सावरणं फार कठीण.