जर्मनीत नवीन आलात? बाटली चेपू नका!

आपल्याकडे पाण्याच्या बाटलीवरच लिहिलेलं असतं की वापरून झाली की चुरगाळून टाका, ती सवय आधी सोडा. मी पहिल्याच महिन्यात पिशवीभर बाटल्या मस्त चेपून सुपरमार्केटात परत द्यायला नेल्या तर बाटल्या घेणारं मशीन एकेक बाटली परत बाहेर ढकलायला लागलं, मागे ही लाइन, आणि मी तिथंच उभा राहून तोंडाने फुंकून बाटल्या फुगवतोय.

तर याला म्हणतात फांड, म्हणजे डिपॉझिट, बाटली घेताना भरायचं, रिकामी परत केली की मिळतं. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीला आणि कॅनला २५ सेंट, बियरच्या साध्या काचेच्या बाटलीला ८. एकदाच वापरायच्या बाटल्यांचं हे २००३ पासून आहे, २०२२ मध्ये ज्यूसच्या प्लास्टिक बाटल्या पण आल्या आणि २०२४ पासून दुधाच्या. मशीन बाटलीवरचा बारकोड वाचतं म्हणून लेबल फाडू नका, बाटली रिकामी करून आडवी सरकवा, शेवटी बटण दाबलं की चिठ्ठी येते ती त्याच दुकानात काउंटरला द्यायची, बिलातून वजा होतात नाहीतर कॅश मिळते. रद्दीवाल्यासारखी घासाघीस नाही, मजा पण नाही.

आता घरातले डबे. रंग शहराप्रमाणे थोडे बदलतात, पण साधारण पिवळ्यात फक्त पॅकेजिंग, म्हणजे मसाल्याची पाकिटं, टेट्रापॅक, दह्याचे डबे. डबा घासत बसू नका, चमच्याने खरवडला की बास, पण वरचं चकाकतं झाकण पूर्ण काढून वेगळं टाका. जुना कुकर पॅकेजिंग नाही, त्यामुळे बऱ्याच शहरांत तो पिवळ्यात चालत नाही, महापालिकेच्या कलेक्शन सेंटरला नेऊन द्यावा लागतो. निळ्यात कागद, पण तेलकट पिझ्झा बॉक्स आणि दुकानाची गुळगुळीत पावती काळ्यात, म्हणजे उरलेल्या कचऱ्याच्या डब्यात.

ओल्या कचऱ्यात आपली माणसं हमखास चुकतात. भाजीची देठं, चहाचा चोथा सगळं चालतं, पण प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून नाही, सरळ पेपरात गुंडाळून टाका. हिरवी कंपोस्टेबल पिशवी पण कितीतरी शहरांत चालत नाही, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. तळणीचं तेल सिंकमध्ये तर बिलकुल ओतू नका, थंड झालं की झाकणाच्या बाटलीत भरून काळ्या डब्यात.

लोणच्याची बरणी गल्लीतल्या काचेच्या कंटेनरमध्ये, पांढरी, हिरवी, तपकिरी वेगळी, निळी काच हिरव्यात. फुटलेला पाण्याचा ग्लास मात्र त्यात नको, ती काच वेगळ्या तापमानाला वितळते. आणि रविवारी किंवा रात्री कंटेनरकडे फिरकू पण नका, त्या खळखळाटाने शेजारची आजी खिडकीत येतेच.

बाहेर फिरताना रिकामी बाटली सोबत न्यायची नसेल तर कचरापेटीत न टाकता शेजारी उभी करून ठेवा, फांड गोळा करणारे घेऊन जातात.