वळवाचं वारं आणि दमा: शिंका येणाऱ्यांनी काय करावं

एप्रिल-मे मध्ये दुपार कलली आणि आभाळ काळवंडलं की बेळगावात गच्च्यांवर एकच धावपळ उडते. पापड, कुरडया, मिरच्या, वाळत घातलेले कपडे, सगळं गोळा करायचं असतं. त्यातच धुळीचं गार वारं सुटतं. घरात ज्याला परागकणांची ॲलर्जी आहे त्याने नेमकं याच वेळी गच्चीवर जाऊ नये. पापड दुसऱ्या कुणीतरी आणावेत.

असं का, ते आधी समजून घ्या. गवताचा अख्खा परागकण तसा मोठा असतो. तो नाकातच अडकतो, म्हणून शिंका येतात, डोळे चुरचुरतात आणि बहुतेक वेळा त्रास तिथेच थांबतो. वादळात मात्र वर चढणारी हवा हे कण ढगापर्यंत नेते. तिथल्या ओलाव्याने ते फुगून फुटतात आणि एकेका कणातून शेकडो बारीक स्टार्चचे कण बाहेर पडतात. हे कण ३ मायक्रॉनहूनही लहान असल्यामुळे थेट फुफ्फुसात उतरतात. पावसाच्या आधी ढगातून जी गार हवा खाली कोसळते, ती त्यांना आपल्या नाकाच्या उंचीवर आणून पसरवते. म्हणजे धोका पावसाच्या सरींपेक्षा त्यांच्याआधीच्या वाऱ्यात जास्त असतो. बुरशीचे बीजाणूही याच वाऱ्यातून येतात.

२१ नोव्हेंबर २०१६ रोजी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये असंच वादळ झालं. पुढच्या ३० तासांत दवाखान्यांच्या तातडीच्या विभागांत श्वासाच्या तक्रारी घेऊन नेहमीपेक्षा ३,३६५ रुग्ण जास्त आले आणि १० जण दगावले. त्रास झालेल्यांपैकी अनेकांना त्याआधी दमा कधी नव्हताच, फक्त शिंका येत. दाखल झालेल्यांत भारतीय, श्रीलंकन आणि आग्नेय आशियाई वंशाच्या लोकांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने जास्त होतं. हा गोऱ्यांच्या देशातला आजार म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. इराणमधल्या अहवाझ शहरातही २०१३ साली हेच घडलं.

आधी स्वतःला ओळखा

ठरावीक महिन्यांत सकाळी उठल्याबरोबर सटासट शिंका येतात का? काँग्रेस गवत उपटल्यावर किंवा बांधावरचं गवत कापल्यावर नाक गळतं का? रात्री कधी छातीत शिट्टी वाजल्यासारखं होतं का? यातलं काही लागू होत असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. दमा असून रोजचा पंप मध्येच सोडून दिलेला असेल, तर सगळ्यात जास्त तुमच्यासाठीच.

मोसमाआधी डॉक्टरांकडे जा

वळवाच्या आधी एकदा आणि सप्टेंबर संपताना पुन्हा एकदा. माझ्या मते आपल्याकडे मे पेक्षा ऑक्टोबरची जास्त काळजी घ्यावी. पावसाळ्यानंतर माळावरचं, बांधावरचं गवत तुऱ्यावर आलेलं असतं आणि परतीचा पाऊस गडगडाट घेऊनच येतो. भातकापणी तोंडावर आल्याने घरदार शिवारात असतं, ते वेगळंच.

डॉक्टरांना दोन गोष्टी स्पष्ट विचारा. रोज घ्यायचा सूज कमी करणारा पंप मला लागेल का? आणि अडीनडीला घ्यायचा निळा पंप जवळ ठेवू का? रोजच्या पंपाचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात, त्यामुळे आभाळ भरून आल्यावर सुरू करून उपयोग नाही. ‘पंपाची सवय लागते’ ही समजूत निपाणीपासून अथणीपर्यंत सगळीकडे ऐकू येते. सवय लागत नाही. उलट बरं वाटतंय म्हणून रोजचा पंप बंद करणाऱ्यांनाच दम्याचा झटका जोरात येतो. शिंकांची गोळी शिंका थांबवते, दम्याचा झटका थांबवत नाही.

वारं सुटल्यावर

हवामान खात्याच्या ‘मौसम’ ॲपवर मेघगर्जनेचा इशारा येतो आणि ‘दामिनी’ ॲप जवळपास पडणाऱ्या विजा दाखवतं. गडगडाट ऐकू आला की आत या, दारं-खिडक्या लावून घ्या, कूलर बंद करा. कौलारू घराला फटी असणारच, तेव्हा मधल्या खोलीत बसा. पहिल्या पावसाचा मातीचा वास घ्यायला अंगणात उभं राहायची हौस या दिवसात आवरा. गाडीत असाल तर काचा वर करा आणि एसी आतलीच हवा फिरवेल असा लावा. दुचाकीवर असाल तर झाडाखाली थांबू नका, एखाद्या दुकानात किंवा हॉटेलात आत जाऊन बसा. तोंडाला ओढणी किंवा रुमाल बांधून हे बारीक कण अडत नाहीत. घट्ट बसणारा एन-९५ मास्क असेल तर तो लावा.

धाप लागलीच तर

माणसाला ताठ बसवा, आडवं करू नका. निळा पंप हलवून स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळीतून) एक फवारा द्या आणि त्यावर चार श्वास घ्यायला सांगा. असे एकेक करून चार फवारे द्या. चार मिनिटं थांबा. उतार नसेल तर पुन्हा चार द्या आणि १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत हाच क्रम चालू ठेवा. वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, तर चार मिनिटंही थांबू नका, आधी फोन करा. पलीकडून कन्नडमध्ये विचारणा झाली तर ‘उसिराटद तोंदरे’ (श्वासाचा त्रास) आणि गावाचं नाव एवढं सांगा.

आयुष्यात पहिल्यांदाच धाप लागली आणि स्वतःचा पंप नसेल, तर घरातल्या दुसऱ्याचा निळा पंप अशा वेळी चालतो. पण तो दिला तरी दवाखाना चुकवायचा नाही. वाफ, छातीला बाम, हळदीचं दूध यात वेळ घालवू नका. धूप-उदबत्ती तर लावूच नका.

श्वास मोकळा झाला तरी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना दाखवा. झटका काही तासांनी परत येऊ शकतो. तपासून घेताना ‘काल वारं सुटलं होतं, पाऊस यायच्या आधीच धाप लागली’ हे आवर्जून सांगा. नाहीतर नुसती सर्दी म्हणून गोळ्या मिळतील आणि दमा कागदावर येणारच नाही.