काळं मॅग्नेट ‘उतरलं’ म्हणण्याआधी या चुका टाळा

सोलापुरात मे महिन्यात पारा 44 च्या आसपास गेला की पिठाच्या गिरणीवाल्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: “उन्हानं मॅग्नेट उतरलं बघा.” म्हणजे धान्यातले खिळे, तार धरायला लावलेल्या चुंबकाची ताकद गेली. उतरलेलं नसतं. ते काळं, कपबशीच्या जातीचं ठिसूळ मॅग्नेट म्हणजे फेराइट. त्याची चुंबकशक्ती पूर्ण जायला साधारण 450 अंश सेल्सिअस लागतात, आणि 250 अंशांपर्यंत ते कामात टिकतं. तापमान वाढलं की ताकद दर अंशाला सुमारे 0.2 टक्के कमी होते, हे खरं. म्हणजे सकाळी 25 अंशांवर असलेलं मॅग्नेट दुपारी पत्र्याच्या शेडखाली 45 ला पोचलं, तर घट 4 टक्के. संध्याकाळी गार झालं की तीही भरून निघते. तेवढ्यानं खिळा सुटत नाही.

खिळा सुटतो तो बसवण्यातल्या चुकीमुळे. माझ्या पाहण्यात दहातल्या आठ तक्रारी इथेच संपतात.

लोखंडी पत्र्यामागे मॅग्नेट लावणं

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात कमी ओळखली जाणारी चूक हीच. हॉपरमधून ज्वारी खाली घसरते ती पन्हळ जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याची असते. फॅब्रिकेटर काय करतो? पत्र्याला बाहेरून मॅग्नेट लावतो. ते खटकन चिकटतं, सगळे खूश. पण चुंबकाच्या बलरेषा त्या पत्र्यातूनच एका ध्रुवाकडून दुसऱ्या ध्रुवाकडे वळतात, आत धान्यापर्यंत फारच थोडं पोचतं. मॅग्नेट पत्र्याला जितकं घट्ट बसलंय तितकं ते पत्र्यातच खर्च होतंय.

उपाय महागडा नाही. पन्हळीच्या तळाला मॅग्नेटच्या मापाची खिडकी कापा, तिथे 304 ग्रेडच्या स्टेनलेसचा पातळ पत्रा बसवा आणि मॅग्नेट त्याच्या मागे लावा. 304 ला चुंबक जवळजवळ धरत नाही, त्यामुळे बलरेषा आरपार जातात. दुकानातून पत्रा घेताना खिशातलं छोटं मॅग्नेट लावून बघा. घट्ट चिकटलं तर तो 304 नाही, चुंबक धरणारा 430 ग्रेड किंवा तसलंच काही आहे. लोखंडी पट्टी लावायचीच असेल तर मॅग्नेटच्या पाठीला लावा, धान्याच्या बाजूला नको. पाठीमागची पट्टी उलट समोरची पकड वाढवते.

बसवून झाल्यावर पहिल्याच दिवशी एक नोंद करून ठेवा. लोखंडाचा एकच ठरावीक तुकडा मॅग्नेटवर ठेवायचा, स्प्रिंगच्या ताणकाट्यानं ओढायचा, सुटतो तेव्हाचा आकडा भिंतीवर लिहायचा. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच तुकड्यानं पुन्हा ओढा. ‘उतरलं का’ या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळेल.

धान्याचा थर जाड ठेवणं, साफसफाई टाळणं

मॅग्नेटची पोच अंतराबरोबर झपाट्यानं घटते. पन्हळीतून मालदांडी ज्वारी चार बोटं जाड थरानं वाहत असेल, तर वरच्या थरातली पोत्याची तार मॅग्नेटला न भेटताच पाट्यात जाते. थर पातळ करा, उतार थोडा कमी करा. आणि मॅग्नेटवर साठलेला लोखंडाचा झुपका रोज काढा, तोही गिरणी बंद असताना, पन्हळीच्या बाहेर घेऊन. चालू धान्यात हातानं पुसलं की सगळा कचरा परत पिठात.

फेराइटकडून नको ती अपेक्षाही ठेवू नका. खिळे, नट, तार, मळणी यंत्राचे तुकडे ते धरतं. पल्व्हरायझरच्या, म्हणजे फिरत्या हातोड्यांनी दळणाऱ्या यंत्राच्या, हातोड्यांची झिजून पडलेली बारीक पूड मात्र त्याच्या हातून निसटते. शेंगाचटणीचा व्यवसाय असेल तर दळणाआधी फेराइटची प्लेट आणि दळणानंतर निओडिमियमची जाळी, असे दोन टप्पे ठेवावेत. निओडिमियमची ऊर्जा फेराइटच्या दहापट किंवा त्याहून जास्त, पण त्याचे साधे ग्रेड 80 अंशांच्या पुढे कायमचे दुबळे होतात. शेंगा भाजायच्या भट्टीजवळ ते लावणं म्हणजे पैसे भट्टीत टाकणं. वर त्याच्यावरचा निकेलचा मुलामा खरवडला की आतून गंज धरतो. फेराइट मुळातच लोखंडाचा ऑक्साइड आहे, स्ट्रॉन्शियम किंवा बेरियमबरोबर भाजलेला, त्यामुळे त्याला गंजायला काही उरलेलंच नसतं. त्यावर तांबूस डाग दिसला तर तो शेजारच्या नट-बोल्टचा.

एक गोष्ट मात्र सक्तीची समजा: अन्नाच्या वाटेवर उघडं फेराइट नको. त्याची कड टवका होऊन उडते आणि तो टवका पिठात जातो. स्टेनलेसच्या बंद कवचातलंच घ्या.

ड्रिल मारणं

मारू नका. फेराइट ही भाजलेली सिरॅमिक आहे. साध्या ड्रिलनं भोक पडत नाही, मॅग्नेट फुटतं. हिऱ्याच्या टूलनं, पाणी सोडत कापता येतं, पण ते आपल्या वर्कशॉपचं काम नाही. भोकाचं हवं असेल तर भोकाचंच विकत घ्या. चिकटवताना तेल पुसा, पृष्ठभाग पॉलिश पेपरनं घासा, दोन भागांचा इपॉक्सी वापरा. दोन मॅग्नेट हातातून सोडून एकमेकांवर आपटू देऊ नका, कडा तिथेच उडतात.

स्पीकर दबला की मॅग्नेट बदलायला नेणं

मिरवणुकीचा हंगाम संपला की मंडळांचे बॉक्स दुरुस्तीला येतात. टेम्पोतून उतरवताना बॉक्स पडलेला असतो, आवाज बंद, आणि निदान तयार: मॅग्नेट गेलं. स्पीकरचा कोन, म्हणजे समोरचा शंकूसारखा पडदा, दोन्ही हातांनी अलगद आत दाबून बघा. हलतच नसेल तर मॅग्नेटची रिंग गोंदातून सुटून सरकली आहे आणि कोनाला जोडलेली तारेची कॉइल मॅग्नेटच्या अरुंद फटीत, म्हणजे गॅपमध्ये, अडकली आहे. ‘खर्र’ आवाज करत हलत असेल तर कॉइल जळून फुगली असण्याची शक्यता जास्त. दोन्हीत मॅग्नेटची ताकद शाबूत असते. सरकलेली रिंग हातोडीनं ठोकून जागेवर आणायचा प्रयत्न रिंगचे दोन तुकडे करतो. हे काम गॅपचं माप धरणाऱ्या कारागिराचं आहे. जुन्या अल्निकोच्या (अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्रधातूचं मॅग्नेट) स्पीकरची गोष्ट वेगळी; तो उघडला की त्याची ताकद खरोखर घसरते.

बाइकचं मॅग्नेटो ठोकून काढणं

मॅग्नेटो म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणारा भाग. त्याच्या फ्लायव्हीलच्या आत चिकटवलेले मॅग्नेटचे तुकडे बऱ्याच गाड्यांत फेराइटचेच असतात. हातोडीच्या दणक्यानं त्यांना चीर जाते किंवा गोंद सुटतो, आणि मग तुकडा फिरता फिरता आतल्या स्थिर कॉइलना, म्हणजे स्टेटरला घासतो. पुलर लावूनच काढा. स्पार्क कमी म्हणून आधी मॅग्नेटवर संशय नको. पिकअप कॉइल आणि वायरिंग आधी तपासा.

इथेच आणखी एक गैरसमज: बोअरच्या साध्या सबमर्सिबलमध्ये आणि जुन्या छताच्या पंख्यात मॅग्नेट नसतंच, त्या इंडक्शन मोटर आहेत. मॅग्नेट असतं ते नव्या बीएलडीसी (ब्रशविना डीसी मोटरच्या) पंख्यात. तसंच चार्जरच्या किंवा लॅपटॉपच्या केबलवरची ती फुगीर गाठ. तीही फेराइटच, पण चुंबकाच्या भाषेत ‘मऊ’ जातीचं, म्हणजे स्वतः चुंबक होऊन न राहणारं. ती टाचणीसुद्धा उचलत नाही. तिचं काम केबलमधला उच्च वारंवारतेचा त्रास शोषून घेणं एवढंच. फोडून मॅग्नेट शोधू नका, मिळणार नाही.

बोअरच्या पाइपला मॅग्नेट बांधणं

नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून बोअर; बोअरचं पाणी जड, म्हणून गीझरच्या कॉइलवर पांढरा थर. मग कुणीतरी पाइपला बांधायच्या मॅग्नेटची जोडी विकायला येतं. मॅग्नेट पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढत नाही. ते काढायचा रस्ता रेझिनच्या सॉफ्टनरचा आहे. खात्री करायची असेल तर हार्डनेसची साधी टेस्ट किट आणा, मॅग्नेटच्या अलीकडचं आणि पलीकडचं पाणी दोन बाटल्यांत भरा आणि विक्रेत्यासमोरच मोजा. जोडीचे पैसे त्यानंतर द्यायचे की नाही ते ठरवा. सॉफ्टनर घेतलाच तर त्यातलं मीठ संपू देऊ नका, नाहीतर महिन्याभरात गीझरवर तोच थर दिसेल आणि दोष पुन्हा भलत्याच गोष्टीला जाईल.