मिरजेच्या कानाने सोनिक यूथ: गिटार उतरवून लावण्याची रीत

सोनिक यूथ या अमेरिकी रॉक बँडची गाणी स्टँडर्ड ट्यूनिंगवर (जाड तारेकडून ई-ए-डी-जी-बी-ई) बसवायला घेतली की बोटं नको तिथे ताणली जातात आणि गाणं काही येत नाही. या बँडचं निम्मं काम तार छेडण्याआधीच, खुंट्यांवर झालेलं असतं. त्यामुळे इतिहास समजून घ्यायचा तर आधी गिटार त्यांच्यासारखी लावायला हवी. तंबोऱ्याच्या सुरात बसायची सवय असलेल्या मिरज-सांगलीकडच्या कानाला हे काम जड जात नाही, उलट तो इथे दोन पावलं पुढेच असतो.

हा बँड 1981 मध्ये न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला. थर्स्टन मूर आणि ली रॅनाल्डो गिटारवर, किम गॉर्डन बेसवर. ड्रमर स्टीव्ह शेली 1985 मध्ये आला. 1982ची पहिली छोटी रेकॉर्ड जवळजवळ सगळी नेहमीच्याच ट्यूनिंगमध्ये आहे. 1983च्या 'कन्फ्यूजन इज सेक्स'पासून आवाज पालटतो. मूर आणि रॅनाल्डो दोघेही न्यूयॉर्कचा संगीतकार ग्लेन ब्रँका याच्या गिटार-वृंदात वाजवलेले. तिथे अनेक गिटारींच्या तारा एकाच सुरात लावून त्यांचा गजर उभा केला जायचा. दुसरं कारण पैशाचं. यांच्याकडच्या स्वस्त गिटारी नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये धड वाजत नसत, मग ज्या सुरात जी गिटार बोलेल त्या सुरात ती लावायची आणि त्या गाण्यासाठी राखून ठेवायची. म्हणून तुमच्याकडची जुनी, कपाटावर पडून असलेली इलेक्ट्रिक गिटार या कामाला अगदी योग्य आहे. फक्त लॉकिंग नट (नट म्हणजे मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) आणि तरंगता ब्रिज (तारांची खालची घोडी) असलेली गिटार घेऊ नका. तिथे एका तारेचा ताण बदलला की स्प्रिंगमुळे ब्रिज हलतो आणि उरलेल्या पाचही तारा उतरतात किंवा चढतात.

सुरुवात करायची ती सी-जी-डी-जी-सी-डी या ट्यूनिंगने, जाड तारेकडून बारीक तारेकडे. मूरने 1990च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हिचा भरपूर वापर केला. जी हा षड्ज धरा, म्हणजे तारा होतात म-सा-प-सा-म-प. तंबोरा पंचमात लावतात तसा मध्यमातही लावतात, इथे दोन्ही एकाच वाद्यात एकदम वाजतात. मध्यम-पंचमाचं ते घासणं म्हणजेच या आवाजातला काटा.

तारांचा संच घेताना दुकानात नुसतं 'जाड सेट द्या' म्हणू नका, आकडे सांगा. नेहमीच्या 10–46 संचातली (आकडे म्हणजे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार ई वरून सी वर उतरवली की तिचा ताण सुमारे 37 टक्के कमी होतो. मग ती मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर आपटते, आणि जोरात मारली की आधी सूर वर जातो, मग खाली येतो. 11–52 किंवा 11–54 संच घ्या. पहिली तार 11ची असली की डी वर तिचा ताण जवळजवळ पहिल्याइतकाच राहतो. दुसरी तार मात्र बी वरून सी वर चढवायची आहे. संचात ती 14 किंवा 15ची आली तर ती बाजूला ठेवा आणि सुटी 13ची लावा, नाहीतर त्या एकाच तारेवर बोट दाबणं अवघड होईल. जाड तार नटच्या खाचेत पूर्ण बसते का पाहा. वर तरंगत असेल तर खाच थोडी रुंद करून घ्यावी लागते, खोल नाही. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. खुंटी फिरवताना 'टक्' असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर तार तिथेच अडकते आहे.

आता लावणं. ट्यूनर फक्त एकदा लागेल, तिसरी तार जी वर, म्हणजे 196 हर्ट्झवर आणायला. बाकी सगळं हार्मोनिकने. तार दाबायची नाही, धातूच्या पट्टीच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवायचं आणि छेडताच उचलायचं. सगळ्यात आधी सहावी, पाचवी आणि पहिली तार अंदाजाने उतरवून ठेवा, मग दुसरी चढवा. ताण बदलल्याने गिटारची मान हलते, म्हणून बारकावा शेवटी.

पाचव्या तारेचा बाराव्या पट्टीवरचा हार्मोनिक आणि मोकळी तिसरी तार एकसूर करा. मग सहाव्या तारेचा सातव्या पट्टीवरचा हार्मोनिक घ्या, तोही मोकळ्या तिसऱ्या तारेशीच जुळतो. सहाव्याच तारेचा पाचव्या पट्टीवरचा हार्मोनिक म्हणजे मोकळी दुसरी तार. चौथ्या तारेसाठी तिचा पाचव्या पट्टीवरचा आणि तिसरीचा सातव्या पट्टीवरचा हार्मोनिक मिळवा. शेवटी चौथीचा बाराव्या पट्टीवरचा हार्मोनिक आणि मोकळी पहिली तार. हे सगळं निदान दोनदा करा, दर फेरीला तिसरी तार तपासून. ट्यूनरवर चौथी तार आता किंचित चढी दिसेल, 146.8 ऐवजी 147 हर्ट्झ. ती तशीच राहू द्या. ट्यूनर समान अंतरांचा हिशेब लावतो आणि तुम्ही शुद्ध पंचम लावला आहे.

एकसूर झाला हे कसं ओळखायचं? दोन आवाज एकत्र वाजताना 'वाँव-वाँव' अशी लाट येते. 196 आणि 197 हर्ट्झ असेल तर सेकंदाला एक लाट. सूर जवळ येतो तशी लाट लांबते आणि अखेर थांबते. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा लावताना मणी सरकवून जे ऐकतात तेच हे. सोनिक यूथमध्ये मात्र ही लाट कित्येकदा मुद्दाम ठेवलेली असते. करून बघायचं तर चौथी तार काढा, तिच्या जागी तिसरीसारखीच 17 किंवा 18ची तार लावून तीही जी वर आणा आणि सेकंदाला एक लाट राहील इतकी उतरवा. लाट सेकंदाला सहा-सातच्या पुढे गेली की ती शोभा राहत नाही, तार बेसूर वाटते.

पहिले काही दिवस कॉर्ड शोधूच नका. एका बोटाने पाचवी तार वरखाली करा आणि बाकीच्या मोकळ्या सोडा.

सुरुवातीच्या काळात हे लोक तारांखाली स्क्रूड्रायव्हर आणि ड्रमच्या काड्या खुपसून वाजवत. त्यासाठी 5–6 मिलिमीटर जाडीचा गोल दांडा पुरे. खाली फ्लॅनेलची पट्टी घाला, नाहीतर मानेवर कायमचे ओरखडे पडतात. दांडा बाराव्या पट्टीवर ठेवला की तारेचे दोन सारखे तुकडे होतात. सातव्या पट्टीवर ठेवला तर नटकडचा तुकडा ब्रिजकडच्या तुकड्यापेक्षा बरोबर एक सप्तक वर बोलतो. दोन्हीकडे घंटेसारखा गोड नाद येतो, कारण तुकडे साध्या प्रमाणात आहेत आणि एक छेडला की दुसरा आपोआप जागा होतो. सहाव्या पट्टीवर ते प्रमाण मोडतं आणि पत्र्यावर मारल्यासारखा कर्कश आवाज निघतो. तोही उपयोगी आहे, पण ठरवून वापरा. नटकडे मारलेला आवाज पिकअपला (तारेचा कंप टिपणाऱ्या चुंबकाला) थेट मिळत नाही, दांड्यातून झिरपून येतो, त्यामुळे तो बारीक असतो आणि अॅम्पचा गेन (आत येणारा आवाज वाढवणारं बटण) वाढवावा लागतो. दांड्यामुळे तारा उचलल्या जाऊन चढतात. तेव्हा दांडा घालण्याआधी पहिली तार अर्धा सूर उतरवा, नाहीतर तुटून डोळ्याकडे उडू शकते.

गेन वाढला की घरघर येते. तारांना हात लावल्यावर ती कमी झाली तर ते नेहमीचं आहे. पण हाताला मुंग्या किंवा झटका जाणवला तर अॅम्प लगेच बंद करा आणि प्लगला अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. जुन्या वाड्यांच्या वायरिंगमध्ये कित्येकदा ते नसतंच. फीडबॅकसाठी, म्हणजे स्पीकरच्या आवाजाने तारा आपोआप घुमत राहाव्यात यासाठी, 15–20 वॉटचा अॅम्प पुरतो. एक मीटरवर, गिटार स्पीकरकडे करून उभे राहा आणि कानात इअरप्लग घाला.

गिटार लागल्यावर मग रेकॉर्ड ऐका. 'इव्होल' (1986) आणि 'सिस्टर' (1987) या दोन आधी, मग 1988ची दुहेरी 'डेड्रीम नेशन', सुमारे 70 मिनिटांची. हिचा समावेश अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात झालेला आहे. 1990च्या 'गू'पासून ते मोठ्या कंपनीकडे गेले, तरी ट्यूनिंगं सोडली नाहीत. जुलै 1999 मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचा वाद्यांनी भरलेला ट्रक चोरीला गेला. प्रत्येक गाण्याची गिटार वेगळी, त्यामुळे गिटारीबरोबर ती गाणी वाजवायची सोयच गेली. 2000ची 'एनवायसी गोस्ट्स अँड फ्लॉवर्स' ऐकताना हे लक्षात ठेवा. 2009ची 'द इटर्नल' ही शेवटची स्टुडिओ रेकॉर्ड, आणि नोव्हेंबर 2011 मध्ये ब्राझीलमध्ये शेवटचा कार्यक्रम.

मिरजेच्या माणसाने या साखळीची मागची कडीही ऐकावी. ब्रँका आधी न्यूयॉर्कचाच संगीतकार रिस चॅटम याच्या 1977च्या 'गिटार ट्रिओ'त वाजवत असे. चॅटम हा अमेरिकी संगीतकार ला माँट यंगचा शिष्य, त्याचा पियानो लावणारा. आणि यंगने 1970 पासून पंडित प्राणनाथांकडे गाणं शिकायला सुरुवात केली. प्राणनाथ उस्ताद अब्दुल वहीद खाँचे शागीर्द, म्हणजे किराणा घराण्याचे. त्याच घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा मुक्काम मिरजेत होता, आणि 1937 मध्ये निधन झाल्यावर त्यांचं दफनही मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात झालं. सोनिक यूथवर किराण्याचा थेट हात आहे असं यातून म्हणता येत नाही. पण एकच सूर बराच वेळ धरून त्याच्या आतलं ऐकण्याची सवय न्यूयॉर्कच्या त्या वर्तुळात कुठून कुठून आली, त्यातली एक वाट ही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एखाद्या कारागिराला जवारी काढताना बसून बघा. घोडीवर एक-दोन वेळा कानस फिरते, दोरा केसभर सरकतो आणि त्याच तारेतून वरचे सूर उघडतात. ते ऐकून आलात की गिटारची तिसरी तार पुन्हा तपासा. बहुतेक वेळा ती थोडी उतरलेली सापडेल.