ओंची कोशिरो यांच्या वाटेने: घरच्या घरी अमूर्त मुद्राचित्र

जपानी मुद्राचित्रांच्या जुन्या परंपरेत चित्र काढणारा, लाकूड कोरणारा आणि छापणारा अशी तीन वेगळी माणसे असत. ओंची कोशिरो (१८९१–१९५५) ज्या ‘सोसाकू हांगा’ म्हणजे ‘सर्जनशील मुद्राचित्र’ चळवळीचे अध्वर्यू होते, तिचा आग्रह मात्र ही तिन्ही कामे एकाच हाताने व्हावीत असा होता. १९१५च्या सुमारासच अमूर्ताकडे वळलेल्या ओंचींनी युद्धोत्तर काळात लाकडाच्या जोडीला दोरी, पाने, कागद अशा वस्तूंचेही ठसे घेतले. नवशिक्याने त्यांची हीच रीत उचलावी, कारण तीत कोरण्याची हत्यारे लागत नाहीत.

गोव्यात सामग्रीची वानवा नाही. फणसाचे पान, सुंभाचा सोडवलेला एक पदर आणि रापणीच्या फाटक्या जाळ्याचा तुकडा एवढे पुरे. जाड पुठ्ठ्यावर हे डिंकाने चिकटवावे. पानाची शिरांची बाजू वर ठेवावी. सुंभ पिळासकट लावला तर तो इतका उंच राहतो की त्याच्या आसपास कागद टेकतच नाही आणि तेवढा भाग कोरा उरतो. वरून लाखेच्या पॉलिशचा हात दिला म्हणजे पुठ्ठा रंग पीत नाही. प्रत्येक रंगासाठी वेगळा पुठ्ठा करावा, पण तीनाच्या पुढे जाऊ नये.

तांदळाच्या पिठाची पातळ खळ शिजवून, निववून जलरंगात मिसळावी, म्हणजे रंग सारखा बसतो. (ठिपकेदार पोत हवा असल्यास खळ कमी घालावी, मला तोच आवडतो.) कागद हातकागदासारखा चिवट घेऊन ओलसर करावा. पावसाळ्यात आपली हवाच दमट असल्याने पाण्याचा हबका पुरतो, आणि ओला गठ्ठा दोन-तीन दिवस तसाच राहिला तर त्याला बुरशी धरते.

प्रत्येक रंग नेमका जागेवर पडावा म्हणून पाटावर एका कोपऱ्यात काटकोनी आणि लांब बाजूला सरळ अशा पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या चिकटवून कागद दर वेळी त्यांनाच भिडवावा. पुठ्ठ्याची जागाही पेन्सिलीने आखून ठेवावी. आधी फिकट रंग छापावा. लाकडी डावाच्या पाठीने मध्यापासून कडेकडे घोटावे आणि एका हाताने कागद दाबून धरत दुसऱ्याने कोपरा उचलून ठसा पाहावा.

थोड्याच छपायांत पान चिरडते, म्हणून मोजक्याच प्रती निघतात. ओंचींच्याही फार नसत. प्रती वाऱ्यावर पूर्ण वाळवाव्यात आणि मगच खाली पेन्सिलीने क्रमांक घालून सही करावी.