कंडिशनल लायसन्सवर राज्याची हद्द ओलांडताय? या चुका टाळा

न्यूयॉर्कमध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल लायसन्स गेलं की डीएमव्हीकडून (राज्याचं मोटार वाहन खातं) बऱ्याच जणांना कंडिशनल लायसन्स, म्हणजे ठरावीक कामांपुरतं लायसन्स मिळतं. आपली मंडळी ते खिशात घालतात आणि सोबतचा अटींचा कागद ड्रॉवरमध्ये टाकतात. घोळ त्या कागदात असतो. घर ते ऑफिस, ऑफिसचं काम, डीएमव्ही, इम्पेअर्ड ड्रायव्हर प्रोग्रॅमचा (दारू पिऊन चालवणाऱ्यांसाठीचा कोर्स) क्लास, डॉक्टर अशा ठरावीक कामांपुरतंच चालतं. स्वतःच्या कामासाठी आठवड्यातून सलग 3 तास, तेही पहाटे 5 ते संध्याकाळी 5 च्या दरम्यान. न्यू जर्सीतल्या एडिसनला गणपतीच्या आरतीला जायचं म्हणाल, तर संध्याकाळची आरती वेळेतच बसत नाही. शिवाय ही सवलत न्यूयॉर्कची. न्यू जर्सीत 'कामापुरतं लायसन्स' हा प्रकारच नाही, त्यामुळे तिथला पोलीस तुमच्या कागदाचा मान राखेल हे गृहीत धरू नका.

सगळ्यात फसवी चूक जीपीएसची. घर न्यूयॉर्क राज्यातल्या न्याकला, ऑफिस मॅनहॅटनला. फोन पॅलिसेड्स पार्कवे दाखवतो, दोन्हीकडे झाडी, ट्रक नाहीत, मस्त रस्ता. पण जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिजच्या आधीचे साधारण 11 मैल न्यू जर्सीत आहेत, आणि तिथे पार्कवेचे स्वतंत्र पोलीस आहेत. निघालात न्यूयॉर्कमधून, पोचणार न्यूयॉर्कमध्ये, तरी हद्द दोनदा ओलांडली! मारियो कुओमो ब्रिजवरून वेस्टचेस्टरमार्गे खाली या, टोल आणि ट्रॅफिक सोसा. स्टेटन आयलंडवाल्यांनी व्हेराझानो ब्रिज धरावा. गोथल्स ब्रिज आणि हॉलंड टनेलचा शॉर्टकट न्यू जर्सीतून जातो.

उलट बाजूही लक्षात घ्या. लायसन्स न्यू जर्सीचं आणि पकडलं न्यूयॉर्कने, तर न्यूयॉर्क देईल ती सवलत न्यूयॉर्कच्या हद्दीपुरतीच. ड्रायव्हर लायसन्स कॉम्पॅक्टमुळे (राज्याराज्यांमधला माहिती देण्याचा करार) बातमी घरच्या राज्यात पोचते आणि तिथलं सस्पेन्शन वेगळं लागतं. दुसऱ्या राज्यात नवं लायसन्स काढू ही आयडियाही चालत नाही. अर्ज केला की नॅशनल ड्रायव्हर रजिस्टरमध्ये, म्हणजे लायसन्स गेलेल्यांच्या देशभराच्या यादीत, नाव तपासतात. भारतातलं जुनं लायसन्स दाखवणं तर त्याहून वाईट. मनाईच चालवण्यावर आहे, कार्ड कुठलं का असेना.

इंटरलॉक, म्हणजे फुंकल्यावर दारू आढळली तर गाडी सुरू न होऊ देणारं यंत्र, लावायचा हुकूम असेल तर (न्यूयॉर्कमध्ये डीडब्ल्यूआयला, म्हणजे दारू पिऊन चालवण्याच्या गुन्ह्याला, निदान 12 महिने) भाड्याची गाडी घेऊन दुसऱ्या राज्यात फिरू नका. अट तुम्ही चालवाल त्या प्रत्येक गाडीला आहे. आणि फुंकण्याआधी माउथवॉश नको, त्यातलं अल्कोहोलही यंत्र पकडतं.

जावंच लागणार असेल तर त्या राज्याच्या मोटार वाहन खात्याकडून लेखी उत्तर मागवा. 'अमक्याला काही झालं नाही' हे मंडळातल्या मित्राचं बोलणं कोर्टात कामाचं नाही.

एच-1बी या कामाच्या व्हिसावाल्यांना आणखी एक फटका: नोव्हेंबर 2015 पासून नुसत्या अटकेवरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो. अमेरिकेत राहायला लगेच अडचण येत नाही, पण भारतात गेल्यावर पुन्हा व्हिसाचं स्टॅम्पिंग आणि आधी मेडिकल. तिकीट काढण्यापूर्वी वकिलाला विचारा.

आई-बाबा आले आहेत आणि नायगारा दाखवायचाय? स्टिअरिंग बायकोकडे द्या आणि अमेरिकेच्याच बाजूने बघा. डिसेंबर 2018 पासून कॅनडात दारू पिऊन गाडी चालवणं गंभीर गुन्ह्यात धरतात, त्यामुळे प्रवेश नाकारला जाऊ शकतो. कॅनडाच्या हद्दीवरच्या पुलावरून परत पाठवलं तर कारण आई-बाबांसमोरच सांगावं लागेल.